मावशीच्या मेलबॉक्सला प्रश्न विचारताना: प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

मावशी साताऱ्याहून एक छोटा दिवाळी अंक काढते. साहित्य मेलवर येतं आणि ती ते वहीत टिपते: नाव, गाव, प्रकार, तारीख. यंदा मुदत ३० जूनची. तिचे प्रश्न साधे आहेत. कुणाला उत्तर द्यायचं राहिलं? कुणी तेच साहित्य दोनदा पाठवलं? दरवर्षी लिहिणाऱ्यांपैकी यंदा कोण गप्प आहे? मेलच्या शोधखिडकीत यातला एकही प्रश्न बसत नाही, म्हणून मेलबॉक्स तक्त्यासारखा वाचायचा आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ओतायचा बेत. मी दिवसा एका कारखान्याच्या स्टोअरचे रिपोर्ट काढते, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येते, मेल सर्व्हरशी मात्र कधी बोलले नव्हते.

खातं जीमेलचं. सर्व्हरवरची पत्रं वाचायची पद्धत आयमॅप, पोर्ट ९९३, आणि ती बोलायला पायथॉनसोबत येणारी आयमॅपलिब ही लायब्ररी. साधा पासवर्ड चालत नाही हे माहीत होतं, म्हणून ओऑथचा, म्हणजे पासवर्ड न देता परवानगी घेण्याचा रस्ता धरला. गूगलच्या कन्सोलवर प्रोजेक्ट काढा, परवानग्या निवडा, मावशीचं खातं चाचणीकर्त्यांच्या यादीत घाला, टोकन (परवानगीची डिजिटल चिठ्ठी) घ्या. परवानगीचं पान मावशीच्या फोनवर उघडलं तेव्हा ती दुपारची आडवी झाली होती. उठल्यावर म्हणाली, "अगं, हे कोण माझी पत्रं वाचायला मागतंय?" मीच ती, हे पटवायला चहा करावा लागला. एकूण पाच तास, त्यातला जोडणीचा कोड अकरा ओळींचा.

१५ जून

फोल्डरांची यादी मागितली आणि उत्तरात नावांऐवजी & चिन्हाने सुरू होणारी रोमन अक्षरांची खिचडी आली. मावशीचं खातं मराठीत आहे, त्यामुळे 'पाठवलेले' आणि 'सर्व मेल' ही फोल्डरंही मराठीतच. आयमॅप ती नावं यूटीएफ-७ च्या, म्हणजे कुठलीही अक्षरं रोमन चिन्हांत लिहिण्याच्या पद्धतीच्या, एका बदललेल्या रूपात पाठवतं आणि आयमॅपलिब ती उलगडत नाही. मी उलगडणारं फंक्शन लिहायला बसले. दीड तासाने लक्षात आलं की यादीत प्रत्येक फोल्डरासमोर एक खूणही येते: ऑल, सेंट, ट्रॅश, जंक. नाव कुठल्याही भाषेत असो, खूण बदलत नाही. खूण बघून फोल्डर घ्यायचं आणि नाव जसं आलं तसंच सर्व्हरला परत द्यायचं. फंक्शन पुसलं.

इनबॉक्समध्ये न वाचलेली किती, ते सहज मोजलं: २१४. त्यांचे क्रमांक टर्मिनलवर छापले आणि झोपले.

१७ जून

आजचा दिवस मी मावशीला आयुष्यभर ऐकणार आहे.

पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी इनबॉक्सची पत्रं उतरवली. फेचमध्ये, म्हणजे पत्र मागवायच्या आज्ञेत, 'बॉडी' (मजकूर) मागितली. रात्री नऊला फोन आला, "माझ्या सगळ्या कविता वाचून झाल्या असं दाखवतंय. मी तर एकही वाचली नाही!"

मावशीच्या लेखी ठळक अक्षरातलं पत्र म्हणजे वाचायचा ढीग. तिच्याकडे दुसरी कुठली यादी नाही. आणि आयमॅपमध्ये 'बॉडी' मागितली की सर्व्हर त्या पत्रावर 'पाहिलं'चा शिक्का मारतो. शिक्का नको असेल तर 'बॉडी डॉट पीक' मागायचं. शिवाय फोल्डर उघडतानाच 'फक्त वाचण्यासाठी' असं सांगितलं की चुकूनही काही बदलत नाही. दोन्ही गोष्टी कागदपत्रांत लिहिलेल्या होत्या. मी नमुन्याचा कोड चिकटवला होता.

हे करू बघणाऱ्याने आधी फोल्डर फक्त-वाचन पद्धतीने उघडावं आणि मग बाकीचं सगळं.

१८ जून

आशा एकच होती: १५ तारखेचे ते २१४ क्रमांक टर्मिनलमध्ये अजून वर सरकवून दिसत होते. त्या क्रमांकांवरचा शिक्का काढला. दहा मिनिटांत मावशीचा फोन: "वाचलेली परत काळी झाली, आणि बिनवाचलेली तशीच." म्हणजे काळाच्या मागे जाऊन मी दुसराच ढीग उकरला होता.

कारण असं. मी वापरलेले क्रमांक रांगेतले होते. रांगेतला एखादा उठून गेला की मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात. सोळाच्या सकाळी मावशीने फोनवरून बारा जाहिराती न उघडताच पुसल्या होत्या. पत्राला कायम चिकटणारा क्रमांक वेगळा असतो, यूआयडी. तो मी मागितलाच नव्हता.

दुरुस्ती हाताने केली. पुसलेल्या बाराही जाहिराती कचरापेटीत होत्या, तीस दिवस राहतात. त्यांच्या आगमनाच्या वेळा काढल्या. जुन्या यादीतल्या प्रत्येक क्रमांकाच्या आधी किती जाहिराती होत्या ते मोजून तेवढे वजा केले. ४,३१० च्या आधी आठ गेल्या होत्या, म्हणून तो ४,३०२. असं करत २०२ पत्रं उरली, त्यांचा शिक्का काढला. मावशीने वरची दहा आणि खालची दहा तपासली. "जमलं," एवढंच म्हणाली. चार तास.

आता तक्त्यातली किल्ली, म्हणजे पत्राची ओळख, अशी: फोल्डर, यूआयडी-व्हॅलिडिटी आणि यूआयडी. मधला आकडा बदलला तर त्या फोल्डरचे जुने यूआयडी रद्द समजायचे. शिवाय पत्रावर पाठवतानाच बसणारा मेसेज-आयडी वेगळ्या रकान्यात, कारण एकच पत्र इनबॉक्स आणि लेबल दोन्हीकडे वेगवेगळ्या यूआयडीने दिसतं. यापुढे वाचन 'सर्व मेल'मधूनच.

२१ जून

सकाळी जोडणी बंद. टोकन मेलं. प्रोजेक्ट 'चाचणी' अवस्थेत असला की नूतनीकरणाचं टोकन सात दिवसांत संपतं. हे मी वाचलं होतं आणि विसरले होते. प्रोजेक्ट बाहेर काढायचा तर पूर्ण मेल वाचण्याच्या परवानगीसाठी पडताळणीचा रस्ता फार लांब, एका मावशीसाठी तो परवडायचा नाही.

ॲप पासवर्ड घेतला. आधी खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी लागते, मग सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड मिळतो. वीस मिनिटं लागली. १४ तारखेचे पाच तास पाण्यात. मात्र तो पासवर्ड म्हणजे अख्ख्या मेलबॉक्सची किल्ली. तो कोडमध्ये लिहू नका. माझा वेगळ्या फाइलीत आहे, ती फाइल माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही आणि बॅकअपमधूनही वगळली आहे.

२४ जून

दुपारपासून सर्व्हर दाद देईना. मेलबॉक्समध्ये नऊ जीबी माल आहे. लोक कथेसोबत स्वतःचे लग्नातले फोटोही पाठवतात. मी सगळं उतरवायला लावून कामावर गेले होते. आयमॅपवरून दिवसाला २,५०० एमबीची मर्यादा आहे, ती ओलांडली. दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झालं, पण फोनमधलं मेल ॲप आयमॅपवर चालणारं, त्यामुळे मावशीचाही एक दिवस गेला.

आता दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत फक्त शीर्षकं आणि 'बॉडीस्ट्रक्चर', म्हणजे पत्राला कोणकोणते भाग जोडलेत आणि किती वजनाचे, त्याची यादी. ११,४८६ पत्रांची ही माहिती पंधरा मिनिटांत आली. दुसऱ्या फेरीत यंदाच्या साहित्याचे तेवढे भाग.

२८ आणि २९ जून

शनिवार-रविवार मराठी शोधण्यात गेले.

'विषयात कविता' असा शोध सर्व्हरला दिला, तर पायथॉनच कोसळलं: अस्कीत, म्हणजे साध्या रोमन अक्षरांच्या संचात, बसत नाही. बरोबर, आयमॅपलिब डीफॉल्टने फक्त अस्की पाठवते. देवनागरी शब्द 'लिटरल' म्हणून वेगळा द्यावा लागतो आणि शोधासोबत अक्षरं लिहिण्याची पद्धत यूटीएफ-८ असं सांगावं लागतं. तसं केलं. तीच चूक पुन्हा. शब्द काढून टाकला, फक्त तारीख ठेवली. तरी तीच चूक! दोन तासांनी सापडलं ते असं: रिपोर्टात महिने मराठीत छापायचे म्हणून मी सुरुवातीलाच लोकॅल, म्हणजे प्रोग्रामची भाषेची सेटिंग, मराठी केलं होतं. त्यामुळे शोधाच्या तारखेतही 'जून' देवनागरीत जात होता. आयमॅपला महिना इंग्रजीतला तीन अक्षरीच लागतो. बारा महिन्यांची यादी हाताने लिहिली, लोकॅल फक्त छपाईपुरतं ठेवलं.

शोध चालला आणि उत्तर आलं ३८. मावशी म्हणाली, "अडतीस तर एका आठवड्यात येतात." विषय नजरेखालून घातले. 'कवितांसाठी', 'कवितेबाबत', 'माझ्या दोन कवितांचा विचार व्हावा'. आयमॅपच्या नियमानुसार शब्दाचा तुकडाही जुळायला हवा, पण हा सर्व्हर अख्खा शब्द जुळवतो, आणि त्याच्या गावी विभक्ती नाही.

इथे ठरवलं की सर्व्हरला फक्त फोल्डर आणि तारीख विचारायची. बाकीचे सगळे प्रश्न आपल्या तक्त्याला. तिथे 'कवित' एवढा तुकडा दिला की सगळी रूपं सापडतात. 'कथ' देऊन बघितलं तर 'कथन' आणि 'अकथित' आलं, ते सहन केलं. 'लेख'ने मात्र कहर केला, कारण प्रत्येक पत्राखाली कुणीतरी लेखक होतंच. त्यासाठी पत्राचा मजकूर सोडून फक्त विषय आणि फाइलीचं नाव बघते.

फुकटात मिळालेलं एक सुख: काहीजण मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत लिहितात आणि पायथॉनचा आकड्यांचा शोध तेही ओळखतो. वेगळं काही करावं लागलं नाही.

२ जुलै

मुदत संपली. ३० जूनपर्यंतची पत्रं काढली तर शेवटचा दिवस रिकामा. वाटलं, लोक यंदा शिस्तीत वागले. कसलं काय! आयमॅपच्या शोधातलं 'बिफोर' (च्या आधी) दिलेल्या तारखेला धरत नाही, 'सिन्स' (पासून) मात्र धरतं. 'बिफोर' एक जुलै दिल्यावर तीस तारखेची ४१ पत्रं बाहेर आली.

दुसरा घोळ जोडलेल्या फायलींचा. ६१ फायली उतरवल्या, फोल्डरात १९. कारण दर तिघांपैकी दोघांनी आपल्या फाइलीचं नाव 'कविता' एवढंच ठेवलेलं. प्रत्येक नवी कविता आधीच्या कवितेवर बसत गेली. आता नावाच्या आधी यूआयडी लावते, आणि फाइलीच्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, रकान्यात ठेवते. हॅशने एक काम परस्पर झालं: एकाच कवीने तीन वेगळ्या विषयांखाली पाठवलेली तीच फाइल पकडली गेली.

६ जुलै, आषाढी

उपासाच्या खिचडीवर वही आणि तक्ता यांचा ताळा. वहीच्या नोंदी मी स्प्रेडशीटमध्ये चढवल्या, नाव आणि गाव जुळवलं.

वहीत २३१, तक्त्यात २१९. जुळले २१०. वहीत आहेत पण तक्त्यात नाहीत असे २१, तक्त्यात आहेत पण वहीत नाहीत असे ९.

एकवीसपैकी नऊ टपालाने किंवा हातोहात आलेले, ते मेलमध्ये असणारच नव्हते. सात स्पॅममध्ये सापडले. 'सर्व मेल'मध्ये स्पॅम आणि कचरापेटी येत नाही. मग मावशीच्या वहीत ते कसे? लोकांनी फोन करून "मेल पाठवलाय" सांगितलं, तिने विश्वासाने लिहून टाकलं.

उरले पाच. पाचही कऱ्हाडचे, आणि तक्त्यातल्या जास्तीच्या नऊमध्येही पाच कऱ्हाडचे. नावं तीच. गावही तेच. संगणक म्हणतो, वेगळं आहे. दोन्ही शब्द मोठ्या अक्षरात शेजारी ठेवून बघितले, काडीचा फरक नाही. शेवटी एकेका अक्षराचा युनिकोड अंक छापला. माझ्या कीबोर्डवरून 'ऱ्ह' लिहिताना ०९३१ क्रमांकाचा 'ऱ' आणि मग हलंत पडतो. त्या पाचजणांच्या पत्रांत साधा 'र', हलंत आणि त्यामागे २००डी क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हींचा अर्धा र सारखाच दिसतो. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण इथे उपयोगाचं नाही, ते या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून मजकूर तक्त्यात जाण्याआधीच दुसरं रूप पहिल्यात बदलते. मग 'साताऱ्या', 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' सगळंच सुधारलं. एकाने 'कराड' लिहिलंय, त्याला हात लावला नाही. तेही गावाचंच नाव आहे.

तक्त्यात होते पण वहीत नव्हते असे खरे चारच निघाले. ती पत्रं मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आठवड्यातली.

१३ जुलै

'दरवर्षी लिहिणारे यंदा कुठे' हा प्रश्न घेतला. वर्षवार मोजणी: २०१६ ते २०२० शून्य, २०२१ मध्ये एकदम पाच हजारांच्या वर. अंक तर त्याही वर्षांत निघत होता.

आधीचं खातं दुसऱ्या सर्व्हरवर होतं. २०२१ मध्ये कुणीतरी एका प्रोग्रामने सगळी पत्रं इकडे आणून टाकली. 'सिन्स' आणि 'बिफोर' पाहतात ती सर्व्हरने पत्र आत घेतल्याची तारीख. टाकताना मूळ तारीख सोबत दिली नाही, तर टाकल्याचा दिवसच कायमचा बसतो. पत्रात लिहिलेली तारीख बघायची तर 'सेंटसिन्स' वेगळं आहे. मी आता दोन्ही तारखा साठवते. पत्रातली तारीखही देवाची नव्हे. चौदा पत्रं १९७० सालची निघाली, तेव्हा मावशी शाळेत होती. त्यांच्यासाठी, वाटेतल्या सर्व्हरांनी पत्रावर लावलेल्या 'रिसीव्ह्ड' ओळींपैकी सर्वांत वरच्या ओळीतली वेळ घेतली.

वेळेवरून आणखी एक. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंची कथा त्यांच्या ३० जूनच्या रात्री १०:४० ला निघालेली. आपल्याकडे तेव्हा १ जुलैचे सकाळचे ११:१० झाले होते. माझ्या क्वेरीने (तक्त्याला विचारलेल्या प्रश्नाने) ती बाद केली. मावशी म्हणाली, "घे गं, तिथे अजून तीस तारीखच होती ना." नियम बदलला: पाठवणाऱ्याच्या घड्याळातली तारीख धरायची.

१९ जुलै

कुणाला उत्तर गेलं नाही, ही क्वेरी. उत्तराच्या पत्रात 'इन-रिप्लाय-टू' ही ओळ असते, तिच्यात मूळ पत्राचा मेसेज-आयडी. सेंट खुणेचं फोल्डर जोडून बघितलं: ९६ जणांना उत्तर नाही. मावशीचा चेहरा पडला. मग बाजूला बसून ती उत्तर कसं देते ते पाहिलं. ती 'रिप्लाय' दाबतच नाही. नवं पत्र उघडते, पत्ता टाकते, 'स.न.वि.वि.' लिहिते. म्हणून जुळणी बदलली: त्याच पत्त्यावर, साहित्य आल्यानंतर गेलेलं कुठलंही पत्र. ५८ उरले.

यादी वाचून दाखवली. "याला फोन केला होता. हिला फोन केला. हा तर घरी येऊन गेला." असे ३१. तक्त्यात 'फोन' असा रकाना वाढवला. खरे राहिलेले २७.

२७ जुलै

आता चालतं ते असं: माझा जुना लॅपटॉप मावशीच्या कपाटावर, रात्री साडेअकराला क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय), शेवटच्या यूआयडीच्या पुढचं तेवढं उतरवायचं, स्पॅमही बघायचं. सकाळी सातला मावशीला दोन याद्या जातात, 'नवं आलेलं' आणि 'उत्तर बाकी'. एकदा रात्री वीज गेली, सकाळी यादी गेली नाही, तर सव्वासातला फोन आला.

खर्च: सॉफ्टवेअरचा काही नाही. माझे सुमारे ४५ तास, त्यातले निम्म्याहून जास्त १७ जून, २१ जून आणि त्या लोकॅलच्या नावावर. पुणे-सातारा एसटी चार वेळा.

बाकी राहिलेलं: १९ फायली जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या आहेत. त्यांत देवनागरी पट्ट्यातलं एकही अक्षर नाही, एवढ्यावरून त्या ओळखता येतात, पण शब्दसंख्या अजून हाताने. टपालाने आलेल्या नऊ जणांसाठी तक्त्यात वेगळ्या ओळी केल्या आहेत. त्या मावशी स्वतः भरते, आधी वहीत आणि मग लॅपटॉपवर. उत्तर बाकी असलेल्यांची आजची यादी २२ ची होती.